तिची पात

दोन नोव्हेंबर, रविवार, दुपारचे तीन. गावच्या घरामागे धुण्याच्या दगडावर बसून मी आईच्या ओट्या धूत होते. ओटी म्हणजे कापूस वेचताना बाया कमरेला बांधतात ती कापडाची झोळी. सगळ्या ओट्यांना एकच पोट असतं. आईच्या चारही ओट्यांना दोन होती. जुन्या लुगड्याच्या त्या कापडाला तिनं मधोमध जाड दोऱ्याची शिवण घातली होती. उजवा कप्पा तिचा, आणि डावा तिचा नाही. ही शिवण मला लहानपणापासून ठाऊक होती, पण हाताला लागली ती त्या दिवशी पहिल्यांदा, कारण आई असताना तिच्या ओट्यांना हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. आई श्रावणात गेली. दुसऱ्या दिवशी तिच्याशिवायचा पहिला वेचा होता, आणि पहिल्या वेच्याला धुतलेलीच ओटी बांधायची हा तिचा नियम होता. नियम चांगला आहे. मळक्या कापडाचा डाग कापसाला लागतो.

माझ्या आईला दोन हात होते, आणि त्यांतला एकच तिचा होता. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. तिचं स्वतःचं तसं म्हणणं होतं आणि ते तिनं आयुष्यभरात एकदाही बदललं नाही. "उजवा माह्या, डावा तिचा," असं ती सांगायची, इतक्या सहज की जणू काही घरात दोन खोल्या आहेत आणि एक भाड्यानं दिली आहे. 'ती' म्हणजे कोण, हे विचारायची सोय नव्हती. विचारलं की उत्तर एकच: "जिचा हाय तिचा." डाव्या हातानं जे काही घडायचं त्याची जबाबदारी आई घेत नसे. चहाची कपबशी हातून पडली की ती तुकड्यांकडे आमच्याइतक्याच आश्चर्यानं पाहायची आणि म्हणायची, "म्या नाही फोडली. तिनं फोडली." माझे वडील शांत माणूस. ते वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणायचे, "मंग तिले म्हना, दुसरा कप आन." आणि आई खरंच दुसरा कप डाव्या हातानं आणून ठेवायची. मी चौथीत असताना गुळाची अख्खी ढेप लपवून खाल्ली आणि भावाचं नाव सांगितलं, तेव्हा आईनं मला एक सणसणीत वाजवली. डाव्या हातानं. लगेच उजव्या हातानं माझा गाल चोळत म्हणाली, "लागलं काय व? लय हलकट हाय ती. मी नाही म्हनत होती." मार खाऊन रडावं की जिनं वाचवलं नाही तिच्या कुशीत शिरावं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

वरून हसू येतं, पण त्या घरात लहानाचं मोठं होताना अंगावर काटाही यायचा. संध्याकाळी चुलीपुढे बसून आई भाकरी थापायची, तेव्हा उजवा हात थापायचा आणि डावा मांडीवर निवांत पडलेला असायचा, पाहुणी बसते तसा. मधेच तो उठायचा, चुलीतलं लाकूड आत सरकवायचा आणि परत जागेवर जाऊन पडायचा. आईचं तिकडे लक्षही नसायचं. मोबाइल आला तेव्हा तो ती उजव्या कानाला लावायची, आणि गावातली एखादी चांगली खमंग बातमी असली की म्हणायची, "थांब, तिले बी ऐकू दे," आणि फोन डाव्या कानाकडे न्यायची. मी यवतमाळहून बोलत असायचे, कॉलेजच्या ऑफिसात टेबलावर फायली पडलेल्या असायच्या, आणि पलीकडे कुणीतरी श्वास धरून ऐकतं आहे असं मला दरवेळी वाटायचं. मग फोन परत उजव्या कानाला यायचा आणि आई सांगायची, "तिले नाही पटलं."

आधार कार्डाचं शिबिर घाटंजीला लागलं तेव्हा मीच तिला घेऊन गेले. उजव्या हाताचे ठसे आले. डाव्याचे येईनात. त्या मुलानं तिची बोटं पुसली, पावडर लावली, काच पुसली, परत दाबली. शेवटी म्हणाला, "आजी, या हाताचे ठसे येऊन नाही राह्यले." आई त्याला समजावणीच्या सुरात म्हणाली, "ते कसे येतीन बावा? नाव तू माह्यं लिवून राह्यला. हात तिचा हाय." रांगेतली माणसं हसली. तो मुलगा हसला नाही. त्यानं तिच्या बोटांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खुर्ची थोडी मागे घेतली. मी त्याला सांगितलं की कापूस वेचून वेचून बोंडांच्या टोकांनी बोटांची कातडी गेलेली आहे, यात दुसरं काही नाही. सांगताना मला माझाच आवाज जरा जास्त मोठा वाटला.

न दिसणाऱ्या मंडळींशी आई शेळ्यांशी बोलावं तशी बोलायची. शेताची वाट नाल्याच्या काठानं जाते. मी पाच-सहा वर्षांची असताना तिचं बोट धरून त्या वाटेनं जायचे, आणि मधेच आई रिकाम्या वाटेकडे पाहून खेकसायची, "सरक व बाजूले, पोट्टीचा पाय पडन तुह्यावर." मी पाय उचलून, मोठी ढांग टाकून पलीकडे जायचे. वाटेत चार-पाच ठिकाणी अशी कोणी ना कोणी बसलेली असत. त्या जागा मला पाठ झाल्या. आज मी बावन्न वर्षांची आहे, ऑफिसात माझ्या हाताखाली सहा माणसं आहेत, आणि त्या वाटेनं जाताना तेवढ्या जागी माझी ढांग मोठी पडते. सवय आहे, दुसरं काही नाही.

वडील गेले तेव्हा गावातल्या चार म्हाताऱ्या बायका रीतीप्रमाणे आईच्या बांगड्या काढायला आल्या. आईनं मुकाट्यानं उजवा हात पुढे केला. त्या हातातल्या बांगड्या गेल्या. मग त्यांनी डावा मागितला, तर तिनं तो पाठीमागे नेला. "हा नाही. हा तिचा हाय. तिचा कुठं मेला?" बायकांनी बरंच समजावलं. थोरली म्हणाली, "अशानं बरं नाही होत व." आई म्हणाली, "मंग तिलेच इचारा," आणि डावा हात असा त्यांच्या तोंडापुढे धरला की चौघी उठल्याच. तेव्हापासून आईचा उजवा हात भुंडा होता आणि डाव्या हातात हिरव्या काचेच्या अर्धा डझन बांगड्या होत्या. गावानं वर्षभर कुजबुज केली आणि मग सोडून दिलं. खरं सांगायचं तर त्या हाताला सगळे भीत होते. या ऑगस्टमध्ये त्या बांगड्या तशाच तिच्याबरोबर गेल्या. मी कुणाला काढू दिल्या नाहीत.

पण आईची खरी ख्याती शेतात होती. कापूस वेचायला बायांची टोळी येते, तेव्हा प्रत्येकीला तासांची, म्हणजे पेरलेल्या ओळींची, एक पट्टी नेमून देतात. तिला पात म्हणतात. ज्या बाईनं जी पात धरली ती तिनं शेवटपर्यंत न्यायची. आई सकाळी बांधावर, आम्ही त्याला धुरा म्हणतो, उभी राहून पाती वाटायची: ही तुही, ही तुह्या जावेची, ही माही, आणि शेवटची, धुऱ्यालगतची, "ही तिची." त्या पातीत कोणी जायचं नाही. बाया वेचत पुढे सरकायच्या, ती पात पांढरीशुभ्र उभी असायची, आणि संध्याकाळी मागे वळून पाहावं तर तीही वेचून झालेली. दरवर्षी, दर दिवशी. दुसऱ्यांच्या वावरात गप्पा मारत वेचणाऱ्या बाया आमच्या वावरात सपासप हात चालवायच्या. न दिसणारी बाई आपल्या पुढे जावी, हे कुणालाच नको होतं.

अकराव्या वर्षी मी हे कोडं सोडवलं. आईची पात नेहमी 'तिच्या' पातीला लागून असायची. दोन तासांमधून चालणाऱ्या बाईच्या दोन्ही बाजूंना पऱ्हाटी, कापसाची झाडं, असतात. मी दिवसभर आईच्या मागे राहिले. तिचे डोळे उजवीकडे, तोंड टोळीतल्या बाईशी बोलण्यात गुंतलेलं, उजवा हात आपली पात वेचतोय. आणि डावा हात, न पाहता, बांगड्या वाजवत, डावीकडची बोंडं खुडून ओटीच्या डाव्या कप्प्यात टाकतोय. एवढंच होतं. संध्याकाळी मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "आई, मले समजलं. तूच वेचतं तिची पात. डाव्या हातानं." आईनं डावा हात वर करून पाहिला. बोटांच्या टोकांना बोंडं लागून रक्ताचे बारीक ठिपके आले होते. ती ते बराच वेळ पाहत राहिली. "हो काय?" ती म्हणाली. "बरं झालं सांगितलं." ती थट्टा करत नव्हती. मी तिचा चेहरा पाहिला होता.

'ती' कोण, हे आईनं आम्हा भावंडांना कधी सांगितलं नाही. माझ्या मुलीला सांगितलं. नातवंडांना काहीही सांगता येतं, बहुधा ती मध्येच तोंड उघडून कोडी सोडवत नाहीत म्हणून. मुलगी नऊ वर्षांची होती. आजीच्या मांडीवर डोकं ठेवून तिनं विचारलं, आणि आई म्हणाली, "माह्यी माय. मी आठ वर्साची होती. दुसऱ्याच्या वावरात माय वेचून राह्यलती, आन वेचता वेचता खाली बसली. बसली ते उठलीच नाही. लोकं तिले बैलबंडीत घालून घेऊन गेले. मले कोनी पाह्यलं नाही. तिची पात अर्धी राह्यलती. मंग म्या वेचली. उजवा हात दमला, मंग डाव्यानं वेचली. मले डाव्यानं येत नव्हतं. त्या दिशी आलं." मी दारात गहू निवडत बसले होते. माझा हात थांबला. मुलगी म्हणाली, "मग आजी, उजवा हात कुणाचा?" आई म्हणाली, "तो माह्या. दोघी दोघी कायले पाह्यजे?" आणि दोघी हसत सुटल्या.

गेल्या श्रावणात तिची उजवी बाजू गेली. लकवा. शेवटचे पंधरा दिवस तिच्याजवळ जो हात उरला तो तिचा नव्हता. त्यानं तिला घास भरवले, तोंड पुसलं, अंगावरचं पांघरूण सारखं केलं. बोलणं जड झालं होतं तरी एकदा मला म्हणाली, "आता तिच्याच भरोशावर हाय मी." शेवटच्या सकाळी त्या हातानं माझा हात धरला. माझाही डावा, कारण मी त्या बाजूला बसले होते. पकड घट्ट होती. मी घड्याळ पाहिलं, औषधाची वेळ झाली होती, आणि औषध आणायला उठायचं म्हणून ती बोटं एकेक करून सोडवली. परत आले तेव्हा ती गेलेली होती.

तर मी ओट्या धूत होते. तेवढ्यात बंजाऱ्यांच्या तांड्यावरची धुरपतामावशी आली. चाळीस वर्षं आमच्या वावरात वेचणाऱ्या टोळीची ती म्होरकी. कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आवाज असा की नाल्यापलीकडून हाक मारली तर बैल उभे राहावेत. तांड्यावरच्या सगळ्या बाया आईला याडी म्हणायच्या. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. मावशी दगडाजवळ उकिडवी बसली आणि ओट्यांकडे पाहत राहिली.

"उद्या येतो आमी," ती म्हणाली. "पन एक सांगून ठेवतो, बाई. याडीनं तिची पात सोडली नाही असा एक दिवस नाही गेला. तूबी सोडजो."

"सोडते ना. त्यात काय?"

"आइक पुरं. सांजेले ती पात वेचलेली दिसली त आमी परवा बी येऊ आन फरदडीच्या शेवटच्या वेच्यापर्यंत बी येऊ. नाही दिसली त समजू, याडीसंग तीबी निंगून गेली. मंग त्या वावरात आमी पाय नाही ठेवत. रिकामं वावर चांगलं नसते."

"मावशी, कापूस फुटून उभा आहे. आभाळ पाह्यलं काय? दोन दिवसांनी पानी आलं त मातीत जाईन सगळा."

"म्हनून त सांगून राह्यली," ती म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. "तुले का भ्या वाटते? नाही ना वाटत? मंग झालं."

मजूर मिळण्याचे ते दिवस नव्हते. प्रत्येकाच्या वावरात कापूस फुटला होता. आठ जणींची ही टोळी गेली असती तर दुसरी मिळाली नसती. नागपूरहून भावाचा रोज फोन होता: "ताई, पुढच्या सालापासून शेत मक्त्यानं कुणाला तरी कसायला देऊन टाकू. कोण पाहणार आहे?" त्याचं बरोबर होतं. पण हा कापूस जूनमध्ये आईनं स्वतः उभं राहून, एकेक बी टोबून लावला होता. तिच्या हातचा हा शेवटचा. तो भिजून काळा पडलेला मला पाहायचा नव्हता, एवढं माझं ठरलेलं होतं. बाकी मी गोष्ट सोपी केली. कोडं मला अकराव्या वर्षीच सुटलेलं होतं. माझा डावा हात कामाचा नाही. त्या हातानं मला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही. पण बाया जेवायला बसल्या की मी काहीतरी निमित्त काढून जाईन, आणि ती पात उजव्या हातानं वेचून टाकीन. आई दोन हातांनी फसवत होती, मी एका हातानं फसवीन.

सोमवारी दव वाळल्यावर आम्ही वावरात उतरलो. मी आईचीच एक ओटी बांधली होती. पहिल्या वेच्याला आधी सीतादही करतात: एका झाडाखाली पाच खडे मांडून पूजा करायची आणि दहीभात चारी दिशांना शिंपडायचा. ते मी केलं. मग धुऱ्यावर उभी राहून पाती वाटल्या. आठ जणींच्या झाल्या, माझी झाली, आणि सगळ्या माझ्या तोंडाकडे पाहत थांबल्या. "ही तिची," मी म्हणाले. धुरपतामावशीनं माझ्या उजव्या हाताची पात धरली. डाव्या हाताला 'तिची' होती.

दुपारपर्यंत आम्ही अर्धं वावर ओलांडलं. मागे वळून पाहिलं तर नऊ पाती रिकाम्या, तपकिरी, आणि धुऱ्यालगतची एक तेवढी पांढरी, सुरुवातीपासून आमच्यापर्यंत. बाया कडुनिंबाखाली भाकरी सोडून बसल्या. मी म्हणाले, "जरा विहिरीकडं जाऊन येते." धुरपतामावशीनं माझं मनगट धरलं. "अठीच बस. भाकर खा. पानी मी आनतो." ती उठून विहिरीकडे गेली आणि बाकीच्या सात जणींनी माझ्याभोवती असा घेर धरला की मला हलता येईना. त्यांनी मला ठेचा वाढला, कांदा वाढला, माझ्या मुलीचं लग्न कधी करतेस म्हणून विचारलं, आणि त्यांच्यातली एकजण तर माझ्या ओटीच्या नाडीवर मांडी घालून बसली होती. माझा बेत फसला. उठताना मी मनातल्या मनात भावाला फोन केला आणि सांगितलं, दे मक्त्यानं.

नंतरची दुपार मला जशी आठवते तशी सांगते. वारा पडला होता. जेवणानंतर बायांच्या गप्पा थांबतात, तशा थांबल्या. छातीइतकी पऱ्हाटी, पलीकडची बाई दिसत नाही, नुसता तिच्या बांगड्यांचा आवाज येतो आणि त्यावरून ती कुठवर पोचली ते कळतं. पांढऱ्या बांगड्यांचा आवाज बोदा असतो, लाकडावर लाकूड आपटल्यासारखा. तो माझ्या उजवीकडून येत होता. आणि डावीकडून, अगदी जवळून, काचेचा येत होता. बारीक, एका लयीत. टोळीत काचेच्या बांगड्या कुणाच्या होत्या का, हे मी नंतर आठवून पाहिलं. एकीच्या असाव्यात, पण ती पार पलीकडच्या टोकाला होती. तेव्हा मी वळून पाहिलं नाही. भीती वाटली म्हणून नाही. पाहिलं तर तो थांबेल असं वाटलं, आणि तो थांबू नये असंही वाटलं. मी उजवीकडची बोंडं पाहत पुढे जात राहिले. श्रावणातली ती सकाळ, औषधाची ती बाटली, ती पाच बोटं, जी मी सोडवली होती. तेच तेच डोक्यात फिरत होतं. मधे दोनदा ओटी भरली, ती गाठोड्यावर उलटी केली, पुन्हा बांधली. घड्याळ पाहायचं मला सुचलं नाही. माझ्या बाबतीत ही गोष्ट नोंद करण्यासारखी आहे.

"बाई," धुरपतामावशीची हाक आली. मी थांबले. पात संपली होती, समोर नाला होता. सगळ्या बाया धुऱ्यावर उभ्या होत्या आणि माझ्या पलीकडे पाहत होत्या. मीही पाहिलं. धुऱ्यालगतची पात, पहिल्या झाडापासून शेवटच्या झाडापर्यंत, रिकामी होती. एकही बोंड पांढरं नव्हतं. टोळीतली सगळ्यात लहान होती तिनं हात जोडले. "आली व माय," ती हळूच म्हणाली.

मावशी पुढे आली आणि माझी ओटी सोडायला लागली. डावा कप्पा ठेचून भरला होता. मग तिनं माझा डावा हात उचलून उताणा केला. पाचही बोटांच्या टोकांना रक्ताचे बारीक ठिपके होते. उजव्या हाताला दोनच. तिनं माझ्या बोटांवर आपला पदर दाबला.

"तुह्या मायचा बी डावाच फाटे," ती म्हणाली.

"मावशी, तुमाले दिसलं होतं? मी वेचत होती ते?"

"मले का दिसते? माह्यी नजर माह्या पातीत."

दुपारनंतरचा अर्धा भाग माझ्या डाव्या हातानं वेचला, हे मी मान्य करते. पुरावा माझ्याच बोटांवर होता. मला डाव्यानं येत नव्हतं, त्या दिवशी आलं. पण सकाळचा अर्धा? तो तर मी मागे टाकून आले होते, जेवायला बसले तेव्हा तो पांढरा उभा होता. पाणी आणायला म्हणून मावशी विहिरीकडे गेली, त्याला बराच वेळ लागला, हे मला तेव्हाच आठवलं. पण तेवढ्या वेळात एकट्या बाईनं अर्धी पात वेचणं होण्यासारखं नाही. मी तिच्या हातांकडे पाहिलं. तिनं ते पदराखाली घेतले होते. विचारता आलं असतं. "दाखवा हात," एवढंच म्हणायचं होतं, आणि चाळीस वर्षांत 'तिची' पात कोणी कोणी वेचली, याचा एकदाचा निकाल लागला असता. मी तोंड उघडलं आणि मला अकरा वर्षांची मी आठवले, आणि आपल्याच बोटांकडे पाहणारी आई. मी तोंड मिटलं.

"परवा येता ना?" मी विचारलं.

"परवा कायले? उद्याच येतो," मावशी म्हणाली. "पान्याचं काय सांगता येते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात फोन करून आठवड्याची रजा मागितली. भावाला कळवलं की वावराचं उन्हाळ्यात बोलू, आता मला वेळ नाही. वाळलेल्या ओट्यांतली एक कमरेला बांधली. बोटांना हळद लावली होती, म्हणून डाव्या मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलं होतं. ते उचललं, आणि उजव्या हातात बांधलं. मग नाल्याच्या वाटेनं, चार-पाच ठिकाणी मोठी ढांग टाकत, पाती वाटायला गेले.